मदत हवी आहे: मेलला नीट उत्तरच येत नाही, उद्या कॉल आहे

चाकण_लाइन२
लवकर सांगा, उद्या सकाळी दहाला कॉल आहे. मी एवढे सविस्तर मेल टाकतो, तरी समोरून "प्लीज क्लॅरिफाय" एवढंच येतं. आज साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, कम्युनिकेशन सुधार. काम चोख आहे माझं. मेल आणि बोलणं आज रात्रीत कसं सुधारू? कोर्स सुचवू नका.

पेठेतला_मी
मेल कोणाला? कशाबद्दल? कोणत्या भाषेत? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

गौरी_एचआर
टोस्टमास्टर्सला जा, भाषणाचा सराव करायचे क्लब, पुण्यात आहेत. पाच ते सात मिनिटांचं भाषण, पाचला हिरवा दिवा, सहाला पिवळा, सातला लाल. माझी बोलायची भीती तिथेच गेली.

पेठेतला_मी
गौरीताई, कॉल उद्या दहाला आहे.

सह्यकडा
मराठीत लिहा की! 1964 चा राजभाषा अधिनियम कशाला आहे?

भोसरी_टूलरूम
तो सरकारी कामकाजासाठी आहे हो. यांचं गिऱ्हाईक बाहेरच्या राज्यातलं असलं तर? चाकणभाऊ, मेल इथे टाका, नावं काढून.

चाकण_लाइन२
चेन्नईचं आहे. ब्रॅकेटच्या होलचा घोळ, आठ-डी (दोषावरचा आठ पायऱ्यांचा अहवाल) मागितलाय. सुरुवात अशी: "सर, ॲज डिस्कस्ड, इश्यू इज ऑब्झर्व्ह्ड, ॲक्शन इज टेकन, काइंडली डू द नीडफुल." पुढे दोन पानं आहेत.

भोसरी_टूलरूम
या ओळीतून त्यांना काय कळणार? ॲक्शन कोणी घेतली, कधी, कशावर? पहिल्या ओळीत पार्ट नंबर, ड्रॉइंगला होल किती आणि निघाला किती. दुसरीत किती नग, कोणती बॅच, आत्ता कुठे आहेत. तिसरीत तुम्ही काय अडवून ठेवलंय. कारण सापडलं नसेल तर "शोधतोय, अमुक तारखेला कळवतो" असं सरळ लिहा. फोर्डने 1987 मध्ये ही आठ-डीची पद्धत पुस्तिकेत मांडली. त्यात डी-३ म्हणजे तात्पुरती रोकथाम, डी-४ म्हणजे मूळ कारण. लोक दोन्ही एका परिच्छेदात कोंबतात आणि वाचणारा वैतागतो. दोन पानं खाली जोडा.

क्वालिटीवाली
मेल नंतर. आधी फोन करायचा. लेखी गेलं की ते डेबिट नोट लावतात, म्हणजे आपल्या बिलातून पैसे कापतात.

भोसरी_टूलरूम
फोनवर बोललेलं महिन्याने कोणाला आठवतं? बोला, आणि लगेच "आपलं ठरलं ते असं" म्हणून चार ओळी टाका. कॉलवरही तेच: त्यांनी जे मागितलं ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं, मगच हो म्हणायचं.

मुळाकाठ
जर्मन शिका. रानडे इन्स्टिट्यूटला चौकशी करा, हिंजवडीत चांगली मागणी आहे.

पेठेतला_मी
ते चेन्नईशी बोलतायत!

चाकण_लाइन२
पहिली ओळ केली: होल 8.5 चा, निघाला 8.8. दुसरीत अडलोय. 340 नगांपैकी 60 त्यांच्याकडे पोचलेत. साहेब म्हणतात, ते लिहू नको, फक्त आपल्या स्टोअरमधले लिही.

क्वालिटीवाली
60 पोचलेत? मग लिहा. डेबिटचं मी बोलले ते इथे लागू नाही.

भोसरी_टूलरूम
लिहा, माल पाठवल्याच्या चलन नंबरासकट. मेलची वाट न बघता आत्ता त्यांच्या लाइन इन्स्पेक्टरला फोन करा. रात्रपाळीत ते नग गाडीला लागायच्या आत बाजूला काढायला हवेत.