ब्रिटिश पाहुण्यांची इंग्लिश कशी समजून घ्यायची? जाणकारांनी मदत करा

पाटणेची_वहिनी
नमस्कार सगळ्यांना. काणकोणात पाटणेला आमच्या पाच खोल्या आहेत, ऑक्टोबर ते मार्च सीझन चालतो. येणारे जास्त करून ब्रिटिश, तेही वयस्क, काहीजण दरवर्षी त्याच खोलीत दोन दोन महिने राहतात, आता घरच्यासारखेच झालेत. माझं शिक्षण मराठीतून झालं, इंग्लिश पाचवीपासून, पण बातम्या कळतात, दिल्ली-मुंबईच्या गिऱ्हाइकांशी बोलताना काही अडत नाही. पण हे लोक आपसात बोलायला लागले की मला वाटतं ही वेगळीच भाषा आहे.

गेल्या वर्षी एका जोडप्याने टॅक्सी सांगितली 'हाफ सिक्स'ला. मला वाटलं सहाला अर्धा तास कमी, म्हणजे साडेपाच. ड्रायव्हर एक तास आधी येऊन उभा, त्या दोघांची झोपमोड झाली ती वेगळीच. दुसरे एक आजोबा रोज विचारायचे 'व्हॉट्स फॉर टी', मी चहा आणि बिस्किटं नेऊन द्यायची, ते घ्यायचे, थँक्यू म्हणायचे, आणि मग सातला परत काठी टेकत किचनच्या दाराशी. तीन दिवसांनी त्यांच्या बायकोने सांगितलं की ते जेवणाचं विचारत होते!! मला इतकं वाईट वाटलं, माणूस माझ्या घरात तीन दिवस उपाशीपोटी वाट बघत बसला. आणि सकाळी उठून प्रत्येकजण मला 'यू ऑलराईट?' का विचारतो, मी आजारी दिसते का?

आता तेच आजी-आजोबा डिसेंबरात परत येतायत, यॉर्कशायरचे आहेत. या वेळी त्यांचं बोलणं मला नीट कळायला हवंय. कुठून सुरुवात करू?

दर्यावर्दी_शिवोली
वहिनी, मी चौदा वर्षं क्रूझ जहाजावर डायनिंगमध्ये काढली, साउदम्प्टनवरून सुटणारं जहाज, पॅसेंजर शंभरातले नव्वद ब्रिटिश. पहिले सहा महिने माझी हीच गत होती त्यामुळे अजिबात मनाला लावून घेऊ नका.

'हाफ सिक्स' म्हणजे साडेसहा, ते हाफ पास्ट मधला पास्ट गिळतात. गंमत म्हणजे जर्मन माणूस त्याच्या भाषेत तसंच म्हणतो तेव्हा त्याला साडेपाच म्हणायचं असतं, म्हणून दोघांना एकाच नियमाने धरू नका आणि टॅक्सी सांगताना कागदावर आकडा लिहून दाखवा, कोणी राग मानत नाही. 'यू ऑलराईट' हे आपलं 'काय, बरं ना?' आहे, उत्तर द्यायचं 'ऑलराईट, यू?' आणि पुढे चालायचं, तब्येत सांगत बसायची नाही. 'टा' आणि 'चीअर्स' म्हणजे थँक्यू, ग्लास हातात नसला तरी.

लाँड्रीत लक्ष ठेवा, त्यांच्याकडे पँट्स म्हणजे आतले कपडे, आपण ज्याला पँट म्हणतो तिला ते ट्राउझर्स म्हणतात. 'पिस्ड' म्हणजे प्यायलेला, रागावलेला नाही, रागावलेला हा अमेरिकन अर्थ. 'नॅकर्ड' पार दमलेला, 'चफ्ड' खूश, 'गटेड' म्हणजे मन मोडलेला, 'स्किंट' खिसा रिकामा. क्विड म्हणजे पाउंड, आणि त्याचं अनेकवचन करत नाहीत, फाईव्ह क्विड, टेन क्विड.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'नॉट बॅड' म्हणाले तर ती शाबासकी समजा. उलट 'क्वाइट नाईस' म्हणाले तर बहुतेक वेळा काहीतरी कमी पडलंय, एकदा विचारून घ्या. हे मला कळायला दोन काँट्रॅक्ट लागली.

लंडनच्या ईस्ट एंडवाल्यांचं आणखी एक असतं, यमक जुळवून बोलायचं. लुकशी यमक बुचर्स हुक, मग त्यातलं हुक टाकून द्यायचं, उरतं बुचर्स. म्हणजे 'हॅव अ बुचर्स' म्हणजे बघ जरा. यमकाचा शब्दच गाळलेला त्यामुळे बाहेरच्याला पत्ता लागत नाही. तुमच्याकडे कोणी 'रुबी' खायची म्हणाला तर त्याला करी हवीय, रुबी मरी नावाची बेलफास्टची गायिका १९५०च्या दशकात फार गाजलेली, तिच्या नावावरून. तिखट कमी की जास्त ते मात्र विचारा.

पावाचं तर विचारूच नका. आपल्याकडे पोदेर पोय, उंडो, कांकण वेगवेगळं आणतो कारण ते पाव खरंच वेगवेगळे असतात. तिथे तोच साधा गोल पाव, मँचेस्टरवाला त्याला बार्म म्हणणार, नॉटिंगहॅमवाला कॉब, कॉव्हेंट्रीवाला बॅच, आणि एका टेबलावर तिघे बसले की नाश्ता संपेपर्यंत त्यावरच वाद. मी शेवटी बोटाने दाखवायला लागलो.

फोंड्याची_नर्स
वहिनी मी बार्नस्लीजवळ केअर होममध्ये आहे, चार वर्षं झाली, म्हणजे तुमच्या आजी-आजोबांच्याच मुलखात. तुमचं वाचून पोटात कालवलं कारण माझ्याकडूनही असंच झालेलं.

उत्तरेकडे 'डिनर' म्हणजे दुपारचं जेवण आणि 'टी' म्हणजे संध्याकाळचं, तेही पाच-सहाला, आपल्यासारखं रात्री नऊला नाही. चहाला 'ब्रू' म्हणतात, आणि चहा मुरवायला 'मॅश' करणं. त्यामुळे 'टी' ऐकलं की वेळ विचारा, दुपारी चारचं की सहाचं, बस.

आता माझं सांगते. थंडीत एक आजी रात्री म्हणाल्या 'आयम स्टार्व्ड', मी धावत जाऊन सँडविच आणलं, त्या मान हलवतायत, मी परत सूप आणलं, आणि त्या बिचाऱ्या गारठलेल्या होत्या, त्यांना ब्लँकेट हवं होतं. तिकडच्या जुन्या लोकांत स्टार्व्ड म्हणजे थंडीने काकडलेला. त्या रात्री मी रूमवर जाऊन रडले कारण भाषा न कळल्यामुळे म्हाताऱ्या माणसाला थंडीत बसवणं हे आपल्या हातून व्हायला नको होतं. तेव्हापासून वही केली.

वहीतलं थोडं देते. 'पूअर्ली' किंवा 'बॅडली' म्हणजे बरं नाही. पण 'आय हॅव बीन सिक' म्हटलं तर नुसतं आजारी नाही, उलटी झालीय. हे पक्कं लक्षात ठेवा, डॉक्टरला सांगताना फरक पडतो. 'स्पेंड अ पेनी' म्हणजे बाथरूमला जायचंय, पूर्वी तिथल्या सार्वजनिक संडासाला एक पेनी टाकावी लागायची. 'नाउट' काही नाही, 'समट' काहीतरी, आणि 'आउट' म्हणजे काहीही, म्हणून 'डू यू वाँट आउट' हे बाहेर जायचंय का नसून काही हवंय का असं आहे.

तुमच्या धंद्यासाठी सगळ्यात उपयोगाचा शब्द 'व्हाइल'. यॉर्कशायरमध्ये त्याचा अर्थ 'पर्यंत'. 'वुई आर स्टॉपिंग व्हाइल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत राहणार, स्टॉपिंग म्हणजे मुक्काम. हे कळलं नाही तर बुकिंगचा घोळ होईल.

आणि 'द' जवळजवळ ऐकूच येत नाही, तिथे घशात नुसता एक झटका बसतो. पहिल्यांदा वाटतं शब्द खातायत. आठवडाभर कान दिला की बसतं.

लव्ह म्हणाले तर दचकू नका, पुरुष पुरुषांनासुद्धा म्हणतात. न्यूकॅसलला पेट, नॉटिंगहॅम-डर्बीकडे डक, आणि माझी मावसबहीण ब्रिस्टलला आहे तिला बसचा ड्रायव्हर 'माय लव्हर' म्हणाला तेव्हा ती पुढच्याच स्टॉपवर उतरून गेली 😅 तिकडे ते सगळ्यांनाच म्हणतात, आपल्याकडे बाजारात अनोळखी बाई आपल्याला 'बाय' आणि आपल्या पोराला 'पुता' म्हणते ना, तसंच.

पर्वरी_पालक
माहिती ठीक आहे पण एक सांगतो, हे अशुद्ध इंग्लिश आहे. गावंढळ लोकांची भाषा. तुमची मुलं शाळेत जाणारी असतील तर त्यांच्या कानावर पडू देऊ नका, मार्क जातील. पाहुण्यांना सांगा स्लो आणि क्लीअर बोला म्हणून.

डिचोलीचे_मास्तर
पालकसाहेब, मी एकतीस वर्षं इंग्लिश शिकवलं आणि निम्मी नोकरी तुमच्यासारखाच विचार करत काढली, म्हणून रागावून नाही, कळकळीने सांगतो, हे अशुद्ध नाही. उलट पुष्कळ ठिकाणी पुस्तकातल्या इंग्लिशपेक्षा जुनं आहे.

आताच 'स्टार्व्ड' आलं बघा. जुन्या इंग्लिशमध्ये तो शब्द मरण्यासाठी होता, कशानेही मरणं. पुढे प्रमाण भाषेने तो भुकेपुरता ठेवला, उत्तरेने थंडीसाठी ठेवला. दोघींनी अर्थ आकसला, मग एकच शुद्ध कशी?

दुसरं, यॉर्कशायरचे जुने लोक जवळच्या माणसाला 'दी' आणि 'दा' म्हणतात. हा इंग्लिशमधला 'तू'! प्रमाण इंग्लिशने तो टाकला आणि सगळ्यांना सरसकट 'यू' केलं. आपल्याला तू आणि तुम्ही यातलं अंतर समजतं, म्हणजे मराठी माणसाला हे लंडनच्या शहरी माणसापेक्षा जास्त लवकर कळायला पाहिजे. आणि 'गिव्ह अस अ मिनिट' म्हणणारा एकटाच असतो, स्वतःला अस म्हणतो, आपले लोक 'आम्ही सांगितलं होतं' म्हणतात तसं.

उत्तरेची भाषा वेगळी का, तर तिथे डेन लोकांचं राज्य होतं, ८६६ साली त्यांनी यॉर्क घेतलं. खेळायला 'लेक', ओढ्याला 'बेक', हे त्यांचे शब्द. व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांतला 'बी' म्हणजे गाव. आपल्याकडे पोर्तुगीज गेले तरी त्यांचे जनेल (खिडकी) आणि कुलेर (चमचा) हे शब्द घरात राहिलेच ना.

आणि जोसेफ राइट यांचं नाव ऐकलंय का? ब्रॅडफर्डजवळचा पोरगा, जन्म १८५५, सहाव्या वर्षी कामाला लागला, मग कापडगिरणीत, पंधरा वर्षांचा होईपर्यंत वाचता येत नव्हतं. तो पुढे ऑक्सफर्डला प्रोफेसर झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात इंग्लिश बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. ज्या बोलीला लोक गावंढळ म्हणत होते तीच त्याची घरची बोली. पुढे १९५०च्या दशकात लीड्स विद्यापीठाची माणसं ३१३ ठिकाणी फिरली, बहुतेक खेडी, म्हाताऱ्या शेतकऱ्यांसमोर बसून प्रत्येक वस्तूला तुम्ही काय म्हणता ते टिपत. पेडणे ते काणकोण असं आपण कोणी बसून टिपलं तर किती निघेल, माझ्या मनात हे फार वर्षं आहे.

वहिनींसाठी एक शेवटचं. कोणी 'डूलॅली' म्हणालं, म्हणजे डोकं फिरलंय, तर हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती, मुदत संपलेले सोल्जर घरी जायच्या जहाजाची महिनोन्‌महिने वाट बघत तिथे पडून असायचे, उन्हात, काही काम नाही. त्याला म्हणायचे 'डूलॅली टॅप', आणि हा टॅप म्हणजे आपला ताप. पुका म्हणजे पक्का, डेको म्हणजे देखो, आणि ज्याला ते प्रेमाने ब्लायटी म्हणतात, स्वतःचा देश, ते मुळात 'विलायती'. आजोबांना सांगा, त्यांना आवडेल.

पर्वरी_पालक
मास्तर, देवळालीचं माहीत नव्हतं. माझे आजोबा पेडण्याचे, त्यांच्या बोलण्याला शाळेत हसायचे म्हणून वडिलांनी ती बोली आम्हाला शिकवलीच नाही. असो. मार्कांचं मात्र मी म्हणतो ते खरं आहे, पेपरात नाउट लिहून चालणार नाही.

डिचोलीचे_मास्तर
पेपरात नाहीच. ते मान्य.

पाटणेची_वहिनी
सगळ्यांचे किती आभार मानू, वाचताना दोनदा डोळ्यांत पाणी आलं. नर्सताई, मीही वही केली, पहिल्या पानावर व्हाइल आणि टी. बोर्डावर आता जेवणाची वेळ आकड्यात लिहिणार, सहा वाजता, आजोबांसाठी खास.

एकच राहिलं. तेच आजोबा जेवायला बसले की माझ्या मुलाला म्हणायचे 'पुट वूड इन थोल', हसत हसत. तो परसातून एक लाकूड घेऊन आला होता, त्यांनी ते घेतलं आणि त्याचा गालगुच्चा घेतला, पण त्याचा अर्थ काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

फोंड्याची_नर्स
अगं, थोल म्हणजे 'द होल', होल म्हणजे दाराची चौकट, वूड म्हणजे दार. वारा येत असेल. दार लाव म्हणत होते.