शब्दचर्चा : ताऱ्यातला ‘धातू’, ताऱ्यातलं ‘लोह’

शहापूर, बेळगाव :
गल्लीतल्या वाचनालयासाठी नव्याने जन्मलेल्या ताऱ्यांवर टिपण लिहिते आहे. संदर्भात कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांना सरसकट ‘धातू’ म्हटलंय. प्राणवायूला धातू कसं म्हणायचं? शिवाय ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र ‘लोहचुंबकीय’ म्हटलं तर चालेल का? ताऱ्यात लोह असतंच की.

खानापूर :
खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम वगळून उरलेलं प्रत्येक मूलद्रव्य धातूच. सूर्याच्या वस्तुमानात हे दोघे मिळून ९८ टक्क्यांच्या वर, म्हणून बाकीच्यांना एकच नाव पुरलं. ‘धातू’ ठेवा, पहिल्यांदा येईल तिथं खुलासा करा.

निपाणी :
खुलासा जरूर करा ताई, पण हा अर्थ परका समजू नका. आयुर्वेदातले सप्तधातू म्हणजे रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. त्यात खाणीतलं काहीच नाही. क्रियापदाचं मूळ तेही धातूच. ‘धा’ म्हणजे ठेवणे, धारण करणे.

आपल्या भागात यात आणखी एक पेच आहे. कन्नड पुस्तकांत मूलद्रव्य म्हणजे ‘मूलधातु’, आणि आपण ज्याला धातू म्हणतो तो ‘लोह’. लोखंडाला त्यांच्याकडे ‘कब्बिण’. म्हणजे ‘या ताऱ्यात लोह कमी आहे’ हे वाक्य कन्नड शाळेतला मुलगा ‘सगळे धातू कमी’ असं ऐकेल, मराठी शाळेतला ‘फक्त लोखंड कमी’ असं. आणि प्रत्यक्षात शास्त्रज्ञ बहुधा वर्णपटातल्या (ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या) लोहाच्या रेषा मोजूनच एकूण धातूंचा अंदाज बांधतात! तरी आपल्या वाचनालयात दोन्हीकडची मुलं येत असणार, तेव्हा ‘लोखंड’ लिहिलेलं बरं.

उद्यमबाग, बेळगाव :
‘लोहचुंबकीय’ मात्र अजिबात नको. फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, लालभडक तापलेल्या लोखंडाला चुंबक धरत नाही. ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाचा तो गुणच जातो. तरुण ताऱ्याचा पृष्ठभाग हजारो अंशांचा. तिथं लोखंड वायुरूपात, अणू विस्कटलेले. ताऱ्याचं चुंबकत्व लोखंडातून येत नाही, विद्युतभारित वायूच्या घुसळणीतून येतं. काही ताऱ्यांत ते जन्माच्या वेळच्या ढगातूनच उरलेलं असावं, असं मानतात.

वृषभ राशीतल्या टी टॉरी या ताऱ्यावरून ज्या तरुण ताऱ्यांच्या वर्गाला नाव पडलं, तो वर्ग १९४५ साली आल्फ्रेड जॉय यांनी वेगळा ओळखला. या ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रं हजार ते तीन हजार गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) घरात जातात. पृथ्वीचं साधारण अर्धा गॉस. ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या तबकडीतला वायू थेट ताऱ्यावर पडत नाही, चुंबकीय बलरेषांच्या वाटेने खाली कोसळतो. हे क्षेत्र मोजतात वर्णपटातली रेषा किती फाटते त्यावरून. भौतिकशास्त्रज्ञ झीमन यांना हा परिणाम १८९६ साली सापडला आणि १९०८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हेल यांनी तो सूर्यावरच्या डागांत पाहिला.

लोखंड आणि चुंबकत्व यांचा संबंध दिसतो तो उलट्या दिशेने. काही उष्ण ताऱ्यांत प्रबळ क्षेत्रामुळे वरचा थर शांत राहतो. मग प्रकाशाचा दाब काही मूलद्रव्यांना वर ढकलतो, काही खाली बसतात. अशा ताऱ्यांच्या पृष्ठभागावर क्रोमियम, स्ट्रॉन्शियम, युरोपियम, कधी लोखंडही प्रमाणाबाहेर दिसतं. क्षेत्र आधी, रसायन नंतर. ‘लोहचुंबकीय’ लिहिलं की वाचक कार्यकारण नेमकं उलटं धरणार, म्हणून मी इतकं लांबवलं.

निपाणी :
कन्नडमध्ये चुंबक म्हणजे ‘अयस्कांत’, लोखंडाला प्रिय असलेला. पण क्षेत्राची वेळ आली की तेही ‘अयस्’ गाळून ‘कांतक्षेत्र’ म्हणतात. आपलं ‘चुंबकीय क्षेत्र’ तसंच. दोन्ही भाषांनी लोखंड बाजूला ठेवलंय.

शहापूर, बेळगाव :
पटलं. मग शीर्षक ‘नवताऱ्यांचं रसायन’ ठेवू?

खानापूर :
ते नको. ‘नवतारा’ हे अचानक उजळणाऱ्या ताऱ्याचं रूढ नाव, आणि तो भडका उडतो म्हाताऱ्या श्वेतबटूवर, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्यावर. ‘तरुण तारा’ लिहा. आणि तरुणपणाची खूण म्हणून लिथियमचा उल्लेख जरूर घ्या : सुमारे २५ लाख अंशांना ते जळून जातं, त्यामुळे सूर्यासारख्या किंवा त्याहून लहान ताऱ्याच्या वर्णपटात लिथियमची ठळक रेषा दिसली, तर तो बहुधा कोवळा. लिथियम तर दोन्ही अर्थांनी धातू, तिथं खुलासाही लागणार नाही.