मदत हवी आहे: पायी फिरणाऱ्यांना न दचकवता सायकल पुढे कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यात सोलापुरात फिरायला काय आणि सायकलला काय, ऊन चढायच्या आतली तेवढीच वेळ हाताशी असते. त्यामुळे पहाटे कंबर तलावाकाठी, म्हणजे संभाजी तलावापाशी, सगळे एकाच वाटेवर येतात. काठी टेकत चालणारे आजोबा, घोळक्याने निघालेल्या काकू-मावश्या, भरतीच्या तयारीला धावणारी पोरं आणि आम्ही सायकलवाले.

अडचण बेलची आहे. लांबून मारली तर ऐकू जात नाही, जवळ जाऊन मारली तर माणूस दचकतो. परवा चौघीजणी रस्ताभर गप्पा मारत चालल्या होत्या. बेल ऐकून दोघी डावीकडे झाल्या, दोघी उजवीकडे, मला मधून वाट मिळाली. तेवढ्यात उजवीकडची एक मैत्रिणीशेजारी जायला पुन्हा आडवी पळाली. ब्रेक दाबून पाय टेकले म्हणून निभावलं, पण त्या बिचारीचा चेहरा पांढरा पडला होता.

मग मी हिशोब मांडला. सायकल ताशी 20 किमी, चालणारा ताशी 5, म्हणजे आपण सेकंदाला चार मीटरहून जास्त वेगानं त्याच्या पाठीवर येत असतो. पाच मीटरवरून बेल मारली तर त्याला जेमतेम सव्वा सेकंद मिळतो, 25 मीटरवरून मारली तर सहा सेकंद. म्हणून हल्ली लांबून एकदा मारते, वेग कमी करते, जवळ आल्यावर गरज पडली तरच पुन्हा. लहान मूल किंवा कुत्रं दिसलं तर बेलच्या भरवशावर राहतच नाही, सरळ चालीच्या वेगावर येते.

तरी दोन ठिकाणी अडतंय. वयानुसार बारीक, चढ्या पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात आणि माझी बेल नेमकी तशीच आहे, एका ठोक्याची, छोटी 'टिंग'वाली. कानात इअरफोन असलेल्यांचं तर विचारूच नका. दुसरं म्हणजे तोंडानं सांगावं तर, "काका, उजवीकडून येतेय" म्हटलं की काका हमखास उजवीकडेच सरकतात! "काका, आहे तिथंच चाला" हे जास्त बरं पडेल का? कुणी करून पाहिलंय?

ओळखीतले एकजण म्हणतात, बेल वाजवतच राहायचं, लोक आपोआप बाजूला होतात. मला ते पटत नाही. वाट आधी चालणाऱ्याची आहे, त्याला हुसकावत जाणं बरोबर नाही. पण घोळका हलतच नसेल तर तुम्ही काय करता, उतरून ढकलत नेता का?

आणि जुन्या सायकलींना असायची तशी मोठ्या वाटीची, दणदणीत ट्रिंगट्रिंग बेल नवी पेठेत किंवा आसपास कुठे मिळत असेल तर तेही सांगा. हँडल जाड आहे, क्लॅम्प बसेल अशी हवी.