युक्रेन-कझाकस्तानातली अण्वस्त्रं नेमकी मोडली कोणी?

प्रश्न:
सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनमध्ये १९०० च्या आसपास सामरिक (दूर पल्ल्याची) वॉरहेड्स, म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकाशी बसणारे अणुबॉम्ब, होती, आणि १९९६ मध्ये शेवटचं तिथून हललं. १९९१ च्या नन-लुगार कायद्याखाली, म्हणजे सोव्हिएत अण्वस्त्रं मोडायला मदत करणाऱ्या अमेरिकी कायद्याखाली, अमेरिकेने पैसा पुरवला. मग ती अमेरिकी तंत्रज्ञांनी उघडली का? आतल्या युरेनियमचं काय केलं?

प्रतिसाद १:
नाही. ज्याने जोडलं त्यानेच उघडायचं. रचना गुप्त असते, परक्याला दाखवत नाहीत. वॉरहेड्स रेल्वेने रशियात गेली, तिथेच सुटी झाली. मदत आली ती भोवतालच्या कामाला: सुरक्षित वॅगन, कंटेनर, गोळीबारापासून बचावाला केव्हलारची आच्छादनं. अमेरिकी पैशाने थेट मोडले ते सायलो, म्हणजे क्षेपणास्त्रं ठेवायच्या जमिनीखालच्या विहिरी: एसएस-१९ क्षेपणास्त्रांचे १३० आणि एसएस-२४ चे ४६. एसएस-१९ मधलं हेप्टाइल हे द्रव इंधन जहाल विषारी, ते आधी उपसावं लागतं. शस्त्रकपात करारानुसार सायलो स्फोटाने निदान ६ मीटर किंवा खोदून ८ मीटर खोल उद्ध्वस्त करायचा, आणि खड्डा ९० दिवस उघडा ठेवायचा. दुसऱ्या बाजूला तो उपग्रहातून दिसायला हवा, त्यामुळे लगेच माती लोटून चालत नसे.

प्रतिसाद २:
युरेनियमचं सांगतो. १९९३ च्या करारानुसार रशियाने ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम (ज्यात यू-२३५ हा बॉम्बला लागणारा प्रकार खूप जास्त असतो) पातळ करून २०१३ पर्यंत अमेरिकी वीजकेंद्रांसाठी विकलं. धातूचा कीस पाडायचा, त्याचं ऑक्साइड, मग हेक्साफ्लोराइड (फ्लोरिनशी केलेलं संयुग) करून यू-२३५ चं प्रमाण ५ टक्क्यांखाली आणायचं. मेख मिसळणीत आहे. समृद्ध करताना यू-२३४ हा युरेनियमचा दुसरा, नकोसा प्रकार सुद्धा गोळा होतो. साधं नैसर्गिक युरेनियम घातलं तर यू-२३४ इंधनाच्या मर्यादेबाहेर राहतं. म्हणून समृद्धीकरणानंतर उरलेल्या टाकाऊ युरेनियमपासून १.५ टक्के समृद्ध केलेलं मिसळायचे, त्यात यू-२३४ फार कमी असतं.

प्रतिसाद ३:
वॉरहेड्सपुरतं हे ठीक, पण मला जास्त धोक्याचं वाटतं ते कझाकस्तानातलं देगेलेन. सेमीपलातिन्स्क या सोव्हिएत अणुचाचणी क्षेत्रातल्या या डोंगरात चाचण्यांसाठी खोदलेले १८१ बोगदे. नव्वदच्या दशकात त्यांची तोंडं बंद केली, पण हेतू एवढाच होता की पुन्हा चाचणी होऊ नये. काही प्रयोगांतलं प्लुटोनियम, बॉम्बला चालणारा पदार्थ, आतच राहिलं. तांब्याच्या केबलींसाठी भंगारवाल्यांनी बंद तोंडं पुन्हा फोडली. कुठल्या बोगद्यात काय आहे हे रशियाला ठाऊक, खर्च अमेरिकेचा, काम कझाक लोकांचं. तिघं एकत्र आल्यावर आत खास काँक्रीट ओतलं गेलं, म्हणजे प्लुटोनियम वेगळं काढणं जवळजवळ अशक्य व्हावं. ते काम २०१२ मध्ये संपलं.