पीएचडीची मुलं फक्त सिमिलॅरिटी रिपोर्टसाठी येतात, आधी कसं बोलवायचं?

नवी_ग्रंथपाल
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले. मराठी आणि इतिहासाचं रिसर्च सेंटर आहे, पीएचडीची मुलं पंधरा-वीस. चार-चार वर्षं यातलं कोणी लायब्ररीची पायरी चढत नाही आणि थिसिस सबमिट करायच्या आठ दिवस आधी पेनड्राइव्ह घेऊन हजर, "मॅडम, तेवढं प्लेजियारिझम काढून द्या." काढून द्या म्हणजे जणू पायात काटा रुतलाय! परवा एकाचं ३४ टक्के आलं, म्हणजे तेवढा मजकूर सॉफ्टवेअरला दुसरीकडे जुळणारा सापडला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमात १० पर्यंत माफ, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून परत द्यायचं, हे सांगितलं तर माझ्यावरच चिडला, म्हणे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे टाकून बघा ना. तुम्ही लोक काय करता?

जुनं_कपाट
मॅडम, नुसता आकडा हातात देऊ नका, शेजारी बसवून रिपोर्टमधली जुळलेला मजकूर रंगवलेली पानं एकेक उघडा. आमच्याकडे एकीचं २८ आलेलं, रडायलाच लागली. बघितलं तर संदर्भसूची मोजलेली, आणि बाईंनी अवतरणं नुसती तिरक्या अक्षरात टाकलेली, अवतरणचिन्हंच नाहीत, मशीनला कसं कळणार? नियमातच संदर्भ दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे वगळायचं म्हटलंय, सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाने जुळलेलंही. सगळं नीट केल्यावर ११ वर आलं, आणि तो १० च्या वरचा एक टक्का मात्र खरंच उचललेला परिच्छेद होता, तो तिने परत लिहिला.

आणि आधी बोलवायचं म्हणाल तर कोर्सवर्कमधे रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा दोन क्रेडिटचा पेपर असतोच, को-ऑर्डिनेटरच्या मागे लागून त्यातले दोन तास मागून घ्या. मी पीपीटी दाखवत नाही (झोपतात). शोधगंगेवरचा (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) त्यांच्याच विषयाचा एखादा प्रबंध उघडायला लावतो आणि सांगतो, यातल्या तीन तळटीपा मूळ पुस्तकात शोधून आणा. तिनातली एक तरी सापडत नाही, पान चुकलेलं असतं नाहीतर आवृत्तीच वेगळी. मग रॅकमधे शोधाशोध होते आणि त्या निमित्ताने आमची ओळख होते.

विदर्भाचा_वाचक
मराठीवाल्यांचं अजून एक आहे. माझ्याकडे एक साहेब ० टक्के रिपोर्ट मिरवत आले, गाईडही खूश. मला शंका आली. डीटीपीवाल्याने अख्खा प्रबंध कृतिदेव या जुन्या फॉन्टमधे टाईप केलेला, म्हणजे पडद्यावर 'मराठी' दिसतं पण आतून फाईलमधे ई जे के बी एच अशी इंग्रजी अक्षरं, ती जगात कुठे जुळणार? युनिकोड (ज्यात फाईलमधे खरी मराठी अक्षरं असतात) केल्यावर आकडा बरोबर वर गेला, शिवाय जोडाक्षरांची वाट लागली ती वेगळीच, दोन आठवडे प्रूफं बघत बसले. आता सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) द्यायला आला की मी पहिलं फॉन्ट विचारतो.

रात्रपाळी_पीएचडी
मी विद्यार्थी, मधेच बोलतेय. आम्हाला माहीतच नसतं हो की ग्रंथपालांना असलं काही विचारता येतं! लायब्ररीत बोर्ड काय, तर 'शांतता राखा'. आमच्या सरांनी पहिल्याच वर्षी झोटेरो (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) टाकून दिलं आणि म्हणाले, पुस्तक परत करायच्या आधी शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो काढ. तेव्हा कटकट वाटली, आता संदर्भसूची करताना जीव वाचतोय (झोटेरो संपादकाच्या जागी इंग्रजी अक्षरं टाकतं, ती हाताने बदलावी लागतात). दर सेमिस्टरला आम्ही आरएसीपुढे (संशोधन सल्लागार समितीपुढे) प्रोग्रेस सांगतो ना, त्या दिवशी येऊन बाहेरच बसा मॅडम, सगळे एका जागी सापडतील.

एकटाच_काउंटरवर
सगळं खरंय, पण करणार कोण? दोन पदं रिकामी, शिपाई निवडणुकीच्या कामाला, देवघेव मीच, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली मीच. तासभर शेजारी बसवायला माझ्याकडे दुसरी खुर्ची पण नाही.

नवी_ग्रंथपाल
@एकटाच_काउंटरवर दादा, खुर्चीचं अगदी पटलं 😀 सगळ्यांचे आभार. आरएसीची तारीख ऑफिसातून काढली, पुढच्या महिन्यात आहे, बाहेर टेबल टाकून बसते. त्या ३४ वाल्याची फाईल आत्ता परत उघडली, फॉन्ट युनिकोडच आहे, पण अवतरणचिन्हं अख्ख्या तिसऱ्या प्रकरणात एकही नाही. सोमवारी अकराला बोलावलंय.