पत्रकातला आकडा कोणता? छपाई गुरुवारी

प्रेषक: सचिव
विषय: पत्रकातला आकडा – आजच सांगा

मंडळी, नमस्कार.

कोल्हापुरात शाहू स्मारकला परदेशी शिक्षणाबद्दल जी पालकसभा आहे, तिचं पत्रक गुरुवारी रात्रीपर्यंत राजारामपुरीत छापखान्यात पोचलं पाहिजे, तरच शनिवारी छापून हातात पडेल. मजकूर आक्कांनी तपासलाय, आता त्यात पुरवण्या नकोत. अडलंय ते फक्त वरच्या चौकटीत. गेल्या खेपेला तिथे अमेरिकेतले भारतीय विद्यार्थी ३,३१,६०२ होते, २०२३-२४ चे. नोव्हेंबर २०२५ च्या ओपन डोअर्समधला (अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांचा वार्षिक अहवाल) २०२४-२५ चा आकडा ३,६३,०१९. तो टाकतो आणि खाली 'अमेरिकेत भारतीय विद्यार्थी एका वर्षात साडेनऊ टक्क्यांनी वाढले' अशी ओळ देतो. हरकत असेल तर आज बोला. छापून आल्यावर बोलायची प्रथा यंदा बंद.

प्रेषक: अण्णा
विषय: पुन: पत्रकातला आकडा

हरकत आहे. आकडा बरोबर, ओळ चुकीची.

३,६३,०१९ मध्ये चार गट एकत्र आहेत. पदवीचे ४०,१३५. मास्टर्स-पीएचडीचे १,७७,८९२. पदवी न घेता एखाद-दुसरं सत्र करणारे १,२५२. आणि ओपीटीवरचे, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक मुदत नोकरी करायची मुभा घेतलेले, १,४३,७४०. ओपीटीवाला शिकून बाहेर पडलेला असतो. नोकरी करतो, फी भरत नाही, वर्गात येत नाही. व्हिसाचा दर्जा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचाच राहतो म्हणून त्याला विद्यार्थ्यांत धरतात. शंभरातले जवळपास चाळीस हे असे.

ते वगळून दोन्ही वर्षं शेजारी लावा. २०२३-२४ ला वर्गात २,३४,०४६. २०२४-२५ ला २,१९,२७९. ही सहा टक्क्यांवर घट झाली, वाढ कुठली? नुसत्या मास्टर्स-पीएचडीत १,९६,५६७ चे १,७७,८९२ झाले, म्हणजे घट साडेनऊ टक्के. एकूण वाढही साडेनऊ, मास्टर्सची घटही साडेनऊ. सभेला बहुतेक पोरं मास्टर्सचीच येणार. त्यांनी कुठली साडेनऊ घरी न्यायची?

प्रेषक: खजिनदार
विषय: पुन: पुन: पत्रकातला आकडा

चौकट ९ सेंटिमीटर बाय ४ आहे. दोन आकडे मावतात, चार नाही. तळटीप द्यायची तर ८ पॉइंटच्या खाली जाऊ नका, झेरॉक्स काढली की वेलांट्या आणि अनुस्वार उडतात आणि मग लोक उडालेला मजकूर वाचतात. रंगीत छपाईचा विषय काढू नये, तो कार्यकारिणीत मिटलाय.

प्रेषक: आक्का (कोल्हापूर)
विषय: पुन: पुन: पत्रकातला आकडा

अण्णांचं पटतंय, पण इथल्या पालकांना ओपीटी म्हणजे काय हे चौकटीत सांगता येणार नाही. त्यांचे प्रश्न दोनच: पोराला प्रवेश मिळंल का, आणि तिथं आपली माणसं किती? दुसऱ्या प्रश्नाला ते युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवरचं, कुठल्या वंशाचे किती विद्यार्थी ते सांगणारं गोल चित्र काढून दाखवतात. 'एशियन १८ टक्के' दिसलं की बाप खूश, आपलीच पोरं म्हणायची. त्याचं काय करायचं ते आधी सांगा, चौकटीचं नंतर बघू.

प्रेषक: अण्णा
विषय: ते गोल चित्र

आक्का, बरं झालं विचारलंत. त्या 'एशियन'मध्ये कोल्हापुरातून एफ-१ वर आलेला एकही पोरगा नसतो.

अमेरिकेतली युनिव्हर्सिटी केंद्र सरकारला आयपेड्स या नोंदणीत विद्यार्थ्यांचे आकडे भरते, त्यात वंशाचे रकाने फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहेत. व्हिसावर आलेला, मग तो भारताचा असो, नायजेरियाचा असो की फ्रान्सचा, सरसकट 'नॉनरेसिडेंट' या एकाच रकान्यात जातो. म्हणून 'एशियन १८ टक्के' म्हणजे तिथेच वाढलेली चिनी, कोरियन, व्हिएतनामी, भारतीय घरांतली मुलं. आपल्या पोरांसाठी 'नॉनरेसिडेंट' किंवा 'इंटरनॅशनल' ही फोड बघायची. तिथेही देश दिसत नाही.

दुसरी खाच मोजणीच्या तारखेत. ही मोजणी फॉल सत्राची (ऑगस्ट ते डिसेंबर), साधारण १५ ऑक्टोबरच्या आसपासची. जानेवारीत दाखल झालेली पोरं त्या वर्षीच्या आकड्यात नाहीत. जानेवारीला मोठा प्रवेश देणाऱ्या ठिकाणी फॉलचा आकडा बघून अंदाज बांधला तर फसतो.

तिसरी: 'कॉमन डेटा सेट' नावाची युनिव्हर्सिटीच्या आकडेवारीची पीडीएफ सगळे एकमेकांना पाठवतात. त्यातला बी-२ तक्ता फक्त पदवीच्या मुलांचा आहे. मास्टर्सला जाणाऱ्यानं तो उघडून काही उपयोग नाही.

मग बघायचं काय? युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा वार्षिक अहवाल. बऱ्याच ठिकाणी तो असतो, त्यात देशवार, पातळीवार आणि ओपीटी वेगळे असे आकडे मिळतात. मिळाला नाही तर त्या कार्यालयाला तीन ओळींची मेल: तुमच्या अमुक विभागात या फॉलला नव्यानं दाखल झालेले मास्टर्सचे भारतीय किती, मागच्या फॉलला किती, ओपीटी धरून की वगळून. 'नव्यानं दाखल' हे शब्द गाळू नका. गाळले की एकूण संख्या येते, आणि ती घट सर्वांत उशिरा दाखवते.

प्रेषक: बापू (जर्मनी)
विषय: पुन: ते गोल चित्र

अण्णा, मुद्दा मान्य. पण पत्रकाचं नाव 'परदेशी शिक्षण' आणि चौकटीत नुसती अमेरिका, हे दरवर्षीचंच. जर्मनीत २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ४९,४८३ भारतीय होते, चीनच्या पुढे, पहिल्या नंबरला. पुढच्या वर्षी साठ हजारांच्या घरात. आणि आमच्याकडच्या आकड्यात फक्त नाव दाखल असलेले विद्यार्थी. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो, त्या मुदतीतले त्यात येत नाहीत. अमेरिकेच्या ओपीटीनं फुगलेल्या आकड्याशेजारी आमचा आणखी बारीक दिसतो तो त्यामुळे.

छापायचंच तर हे छापा: भारतातून येणाऱ्याला नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, ते आधी. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो, महिन्याला ९९२ सुटतात. बरेच पालक हे पैसे फी समजतात. ते मुलाच्याच खात्यात राहतात, खाण्याराहण्याचे असतात.

प्रेषक: खजिनदार
विषय: पुन: पुन: ते गोल चित्र

बापू, चौकट तेवढीच आहे.

प्रेषक: वहिनी (टोरांटो)
विषय: मग कॅनडापण

जर्मनी येणार असेल तर कॅनडा गाळू नका, नाहीतर लोक अजून २०२२ च्या हिशोबानं येतात. थोडक्यात: जानेवारी २०२४ ला स्टडी परमिटवर मर्यादा आली. प्रांताचं पत्र, पीएएल, बंधनकारक झालं. एसडीएसची जलद रांग ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली. दाखवायचे पैसे १०,००० वरून २०,६३५ आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर, फी आणि तिकीट सोडून. सरकारी (खाजगी नव्हे) मान्यताप्राप्त संस्थेत मास्टर्स-पीएचडी करणाऱ्याला १ जानेवारी २०२६ पासून पीएएल लागत नाही. एजंट ही शेवटची गोष्ट मुद्दाम सांगत नाहीत असं नाही, पण खाजगी कॉलेजाच्या डिप्लोमालाही ती लागू आहे असं भासवतात. लागू नाही.

प्रेषक: दादा (सांगली)
विषय: पुन: मग कॅनडापण

पत्रकावर 'कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी' असं का? शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्हे येतात. आमची पोरं शाहू स्मारकच्या पायऱ्यांवर बसायची काय? आणि चौकटीत अमेरिकेऐवजी आपल्या तीन जिल्ह्यांचा आकडा द्या की, तो लोकांना जास्त भिडतो.

प्रेषक: अण्णा
विषय: पुन: पुन: मग कॅनडापण

तीन जिल्ह्यांचा आकडा ओपन डोअर्समध्ये नाही. तिथे देश आहे, राज्यही नाही, जिल्हा तर दूरच. सेव्हिसमध्येही (अमेरिकन सरकारची व्हिसावरच्या विद्यार्थ्यांची नोंद) नागरिकत्वाचा देश. कुणी 'कोल्हापूरचे इतके' म्हणून आकडा पाठवला तर तो कुठून आला हे विचारल्याशिवाय छापू नका.

भारताच्या बाजूनं मिळतो तो शिक्षणासाठी देशाबाहेर गेलेल्यांचा. लोकसभेत सांगितलेला: २०२३ ला ८,९२,९८९ आणि २०२४ ला ७,५९,०६४. पण हा विमानतळावरचा आकडा. जाणाऱ्यानं तोंडी काय सांगितलं किंवा व्हिसा कुठला होता, त्यावरून प्रयोजन नोंदवतात. तो युनिव्हर्सिटीतल्या हजेरीशी जुळवायला जाऊ नका. तरीही एक गुण आहे: तो त्या वर्षी निघालेल्यांचा आहे, साठलेल्यांचा नाही.

सगळा घोळ या साठलेल्या आणि नव्या आकड्यांचाच. मास्टर्सची दोन वर्षं, ओपीटीचं एक, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला वरची दोन (२४ महिने). म्हणजे एकदा आलेला पोरगा पाच वर्षं एकूण आकड्यात राहतो. २०२२ आणि २०२३ चे मोठे जथे २०२४-२५ ला ओपीटीवर गेले, म्हणून तो गट एका वर्षात ४७ टक्क्यांनी वाढला आणि खालची घट झाकली गेली. पाऊस थांबला तरी राधानगरीचे दरवाजे उघडे असेपर्यंत राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढतच असतं, तसं. अमेरिकेत सगळ्या देशांचे मिळून नव्यानं दाखल झालेले २०२३-२४ ला २,९८,७०५ होते, २०२४-२५ ला २,७७,११८. सात टक्के कमी. फॉल २०२५ च्या झटपट पाहणीत नवे प्रवेश १७ टक्क्यांनी कमी. ती पाहणी आठशेच्या वर संस्थांची आहे, सगळ्यांची नाही, हे लिहायचं. त्या वर्षी मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीच्या नव्या तारखा देणं थांबवलं होतं, नेमक्या ऑगस्टला निघणाऱ्यांच्या मोक्याला, त्याचाही त्यात हात आहे.

प्रेषक: दादा (सांगली)
विषय: पाणी

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. सांगलीत आयर्विन पुलावर कोयनेचं बघायला लागतं. तेवढं लिहा, मग उदाहरण आम्हालापण लागू पडंल.

प्रेषक: आक्का (कोल्हापूर)
विषय: पुन: पाणी

पत्रकात पूर आणू नका. २०१९ आणि २०२१ नंतर इथं त्या शब्दानं हॉल रिकामा होतो.

जिल्ह्यांचं दादांचं बरोबर आहे. 'कोल्हापूर, सांगली, सातारा' करा, एका ओळीत बसतं. चौकटीत माझ्या मते मास्टर्सचे दोन आकडे ठेवा आणि एकूण आकडा काढूनच टाका. एकूण ठेवला की पेपरवाले तोच उचलणार.

प्रेषक: सचिव
विषय: पुन: पुन: पाणी

एकूण आकडा काढला तर गेल्या खेपेचं पत्रक ज्यांच्याकडे आहे ते ३,३१,६०२ शी काय लावणार? गोंधळ वाढेल.

प्रेषक: अण्णा
विषय: पुन: पुन: पुन: पाणी

लावू देत, पण ओपीटी धरून आहे हे तिथंच लिहा. तळटीपेत नको, आकड्याच्या शेजारी. आणि सर्वांत जास्त परदेशी विद्यार्थी असलेल्या युनिव्हर्सिट्यांची जी यादी मागच्या पानावर आहे, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी पहिली वगैरे, तिथेही तेच. ओपन डोअर्सची ती यादीपण ओपीटी धरूनच असते. मोठ्या शहरातली, संगणक विभाग मोठा असलेली नावं त्यामुळे आणखी वर चढतात. यादीतला वरचा नंबर म्हणजे प्रवेश सोपा असं पोरांना वाटतं, त्याचा आणि याचा संबंध नाही.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या एक लाख डॉलर फीबद्दल सभेत विचारणारच. सप्टेंबर २०२५ चा तो आदेश मुख्यतः अमेरिकेबाहेरून भरलेल्या नव्या अर्जांना आहे. आत राहून एफ-१ वरून दर्जा बदलणाऱ्याला लागू नाही, असं ऑक्टोबरमध्ये त्यांच्या इमिग्रेशन खात्यानं स्पष्ट केलं. पत्रकात घालू नका, नियम हलते आहेत. तोंडी सांगा.

प्रेषक: सचिव
विषय: अंतिम मजकूर

चौकट अशी जाते:

अमेरिकेत मास्टर्स-पीएचडी शिकणारे भारतीय: २०२३-२४ – १,९६,५६७, २०२४-२५ – १,७७,८९२.
(ओपीटीवर नोकरी करणारे धरून सर्व भारतीय ३,६३,०१९)

चौकटीखाली एक ओळ: 'युनिव्हर्सिटीला विचारा: तुमच्या विभागात या वर्षी नव्यानं दाखल झालेले भारतीय किती?' युनिव्हर्सिट्यांच्या यादीवर 'ओपीटी धरून' हे कंसात. जर्मनी आणि कॅनडाचे पैसे व कागद मागच्या पानावर, यादीखाली, बापू आणि वहिनींच्या शब्दांत पण निम्मे करून. गोल चित्राचं सभेत आक्का सांगतील, पडद्यावर एखादं चित्र दाखवून. तीन जिल्हे शीर्षकात.

प्रेषक: बापू (जर्मनी)
विषय: पुन: अंतिम मजकूर

निम्मं करताना एपीएस आधी, ब्लॉक्ड अकाउंट नंतर, हा क्रम मोडू नका. पैसे अडकवून बसलेला आणि प्रमाणपत्र नसलेला पोरगा सत्र चुकवतो.

प्रेषक: खजिनदार
विषय: पुन: पुन: अंतिम मजकूर

चौकटीत तीन आकडे झाले. मी दोन म्हटलं होतं. उंची ४ ची ५ करतो, शाहू महाराजांचं चित्र तेवढं लहान होईल. त्यावर कुणी लिहायचं असेल तर गुरुवारच्या आत.