पागनीसांचे तुकोबा पैलवान कधी झाले?

खारावारा, गुहागर
काल इथे एकाने लिहिलंय की ५५ इंची टीव्ही घेतला, आईसाठी 'संत तुकाराम' लावला तर "चित्रावर मुंग्या फिरतात, आवाज डब्यातून येतो, असले पिक्चर कॉम्प्युटरने घासून लख्ख करा नाहीतर विकू नका". वाचून डोकं फिरलं म्हणून हे लांबलचक. अहो १९३६ चा पिक्चर आहे तो. कृष्णधवल फिल्मवर चित्रच चांदीच्या कणांचं बनतं, मुंग्या कसल्या, ते कण घासले की तुकोबा झालेल्या पागनीसांच्या चेहऱ्यावरचं सगळं जातं आणि उरतो मेणाचा पुतळा. आवाजाचं तेच. खरखर काढता काढता टाळांची झिणझिण पण जाते, मग कोणीतरी ताटल्या आपटतंय असं वाटतं. आणि तुम्ही चित्र ताणून बघितलं असणार, पैजेवर सांगतो. तेव्हाचा पिक्चर जवळजवळ चौकोनी, १.३७ ला १. तो आडवा ताणला की तुकोबा आखाड्यातून आल्यासारखे दिसतात.

रायवळ, पावस
मुंग्यावाला मीच. दादा, गिऱ्हाईक चांदीचे कण बघायला पैसे देत नाही. 'मुगल-ए-आझम' २००४ ला रंगवला, आवाज नवा केला, लोक थेटरात गेलेच ना? तुम्हाला जुनं म्हणजे गळकंच लागतं. आमचे काका कौलं बदलू देत नाहीत, का तर आजोबांनी घातलीयत. आजोबा आता भिजत नाहीत, आम्ही भिजतो.

खारावारा, गुहागर
त्यातले काही भाग १९६० लाच रंगीत होते, ते सोडून बोललात. बरं, डिस्क कुठली लावलीत ते सांगा आधी.

पेटीवाला, कुडाळ
चित्राचं तुमचं चालू दे, सुराचं कोणीच बोलत नाही. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडचा टीव्ही आणि व्हिडिओ कॅसेट २५ ची, त्यामुळे सगळं चार टक्के पळवायचे, दोन तासांचा पिक्चर १ तास ५५ मिनिटांत संपायचा आणि सूर चढायचा. आमच्या बुवांनी कॅसेटवरून चाल उचलली, मी रेकॉर्डवरून. रेकॉर्डला काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. कॅसेटला ना काळी एक ना पांढरी दोन, मधेच लोंबकळलेलं. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याच्या, आदल्या रात्री आमची जुंपली, बुवा म्हणाले तुझी पेटी उतरलीय, मी ३०० रुपये घालून ट्यून करून आणली. पेटीत काही नव्हतंच! आजवर कोणी सॉरी म्हटलेलं नाही.

माडाखाली, आचरा
सूर कसला घेऊन बसलाव, आमच्याकडे कॅसेटीच वाचत नव्हत्यो. गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणायचा, रात्रभर चार पिक्चर, दुसरा सुरू झाला की लाईट जायची. पावसाळ्यात टेपला पांढरी बुरशी. सासूबाई कॅसेट तांदळाच्या डब्यात ठेवायच्या, 'श्यामची आई' ची अशीच दहा वर्षं टिकवली. चित्र निम्मं गेलेलं, तरी घरातलं एकही माणूस कोरड्या डोळ्यांनी उठलं नाही. क्लिअर पाहिजे म्हणे.

रायवळ, पावस
पेटीवाले, बुवांचा सूर फिल्मने नाही, बारी हरायला लागली की चढतो. सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे.

पेटीवाला, कुडाळ
बुवांबद्दल बोलायचं काम नाही. मी बोललेलं चालतं, मी २२ वर्षं साथ केलीय. तुम्ही काय वाजवता? रिमोट?

खारावारा, गुहागर
अहो डिस्क!!

रायवळ, पावस
व्हीसीडी. स्टँडजवळ घेतली, ४० रुपये. खूश?

खारावारा, गुहागर
व्हीसीडी! ३५२ गुणिले २८८, म्हणजे लाखभर ठिपके. तुमचा टीव्ही फोर-के असेल तर त्याला लागतात ८३ लाख. बाकीचे ८२ लाख टीव्ही मनानेच भरतो. त्या मुंग्या ना चांदीच्या ना पिक्चर काढणाऱ्या प्रभात कंपनीच्या, डेटा दाबून बसवल्यावर चौकटी फुटतात त्या आहेत. आणि शिव्या खाणार दिग्दर्शक दामले-फत्तेलाल.
एक मात्र कबूल करतो, फार खूश होऊ नका. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या (जुनी, झटकन पेट घेणारी फिल्म) गोदामाला आग लागली, त्यात प्रभातची कितीतरी मूळ रिळं गेली. म्हणजे आता जे मिळतं ते बरंचसं प्रतीची प्रत, आणि दर प्रतीला काळं जास्त काळं, पांढरं जास्त पांढरं होत जातं. तेवढा दोष मूळ पिक्चरचा नाही, तो काढला तर मी आडवा येणार नाही. ओरखडे काढा, धूळ काढा. चेहऱ्याला हात लावू नका.

रायवळ, पावस
म्हणजे घासायचंच, फक्त तुम्हाला विचारून. उपकार झाले.

पेटीवाला, कुडाळ
आणि स्पीड २४ च ठेवा.

रायवळ, पावस
रिमोटने ४:३ केलं आत्ता. तुकोबा बारीक झाले, मान्य. पण दोन्ही बाजूंना काळे पट्टे बघून आई म्हणते एवढा महागाचा टीव्ही आणि आठ दिवसांत बिघडला, दुकानदाराला फोन लाव. गुहागरवाले, नंबर देतो, तुम्हीच बोला तिच्याशी.